आधी भरण, मग भरतभेट

'मुलांकडे बघा आणि एकत्र या' हे वाक्य आपल्याकडे वेगळ्या राहणाऱ्या नवराबायकोला कोण ऐकवत नाही? दोन्हीकडचे वडीलधारे ऐकवतात, शेजारीपाजारी ऐकवतात, वकील आणि समुपदेशक ऐकवतात, आणि प्रसंगी न्यायासनावरूनही ते ऐकू येते. या वाक्यामागच्या सद्हेतूबद्दल आम्हांला शंका नाही. आमची तक्रार त्यानंतर जे घडते त्याबद्दल आहे. हे वाक्य पटले, मने थोडी नरमली, की बहुधा पहिली कृती होते ती मुलाच्या पोटगीचा हुकूम मागे घेण्याची. ज्याच्याकडे बघून एकत्र यायचे, त्याच्याच पोटापाण्याची हमी ही एकत्र येण्याची पहिली किंमत ठरते, आणि जमलेल्यांपैकी कोणालाही त्यात काही विपरीत वाटत नाही. या एका गोष्टीविरुद्ध आम्हांला येथे बोलायचे आहे. विषय कोर्टकचेरीचा आहे, तरी साहित्याच्या वाचकांपुढे तो का मांडावा, हे पुढे येईलच.

घडते ते साधारण असे. आई आणि मूल मिळून पोटगीचा अर्ज करतात. त्यात आई अर्जदार क्रमांक १, आणि मूल अर्जदार क्रमांक २, 'अज्ञान, अ.पा.क. आई'. (अ.पा.क. म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालचा प्रत्येक जीव 'अज्ञान' असतो. या शब्दाची गंमत ज्याने त्याने आपल्या जागी चाखावी.) दरमहा आईला इतके आणि मुलाला तितके, असा अंतरिम किंवा अंतिम हुकूम होतो. काही महिने पैसे येतात, काही महिने येत नाहीत, थकबाकी साचते, वसुलीचा अर्ज पडतो, क्वचित पकड वॉरंटही निघते. मग एखादा मामा किंवा चुलता मध्ये पडतो. बोलणी सुरू होतात आणि पहिल्याच बैठकीत अट येते : 'आधी केस मागे घे, मग नांदायला ये.' पुढल्या तारखेला पुरसीस दाखल होते. उभयतांत समेट झाला आहे, सबब अर्ज पुढे चालविणे नाही. खाली आईची सही. ती सही तिची स्वतःची असते, आणि त्याच शाईत मुलाचीही असते.

तीन-चार महिन्यांनी तो समेट विस्कटला, तर काय होते हे त्या बैठकीतल्या कोणीही आईला सांगितलेले नसते. अर्ज पुन्हा करावा लागतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे; तो निकाल चांगला आहे, पण तारीख नव्या अर्जाची धरली जाणार. जुना अर्ज दोन वर्षांपूर्वीचा असेल, तर ती दोन वर्षे पुरसिशीबरोबर वाहून गेली. दुसरे असे की, हुकूम जिवंत ठेवून नुसतीच वसुली लांबवली, तरी घड्याळ चालूच असते. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज न केल्यास त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. 'बघू, जमतेय का' असे म्हणत चौदा महिने गेले, की मागच्या थकबाकीवर या मार्गापुरते पाणी सोडावे लागते. समेटाचा विचार करायला वेळ लागतो, आणि तो लागावा; परंतु त्या वेळेचे भाडे मुलाने भरावे, असा हा व्यवहार आहे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण कोणत्या पाहुण्याविषयी आहे हे आम्हांला हल्ली नीट कळू लागले आहे.

आता कायदा स्वतः काय म्हणतो ते पाहू. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले; आकडा बदलला, मजकुराचा गाभा तोच राहिला. त्यात पत्नीच्या हक्काला काही अटी आहेत. ती व्यभिचारात राहत असेल, पुरेशा कारणाशिवाय पतीकडे राहण्यास नकार देत असेल, किंवा दोघे परस्परसंमतीने वेगळे राहत असतील, तर तिला पोटगी मिळत नाही. या अटींवर वाद घालता येईल आणि घातला जातोच. नांदण्याचा हुकूम पत्नीने पाळला नाही एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. पण आमचा मुद्दा पुढचा आहे. या अटींपैकी एकही अट मुलाला लागू नाही. आई कशी वागते, कोठे राहते, नांदायला येते की येत नाही, यांपैकी कशावरही मुलाचा हक्क टांगलेला नाही. मूल औरस असो वा अनौरस, त्याला हे कलम लागू होते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरवले की, घटस्फोटित मुस्लिम आईसाठी केलेल्या १९८६ च्या कायद्यात मुलाच्या दोन वर्षांपर्यंतच्या खर्चाची तरतूद असली, तरी तिने मुलाचा कलम १२५ खालचा स्वतंत्र हक्क कमी होत नाही. म्हणजे मूल हा आईच्या अर्जाचा शेपटाकडचा भाग नव्हे, तो स्वतंत्र अर्जदार आहे, ही गोष्ट कायद्याने पुनःपुन्हा सांगितली आहे.

समेटाबद्दलही सांगितले आहे. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न आला. पोटगीचा हुकूम झाला. पुढे आमचे जमले, आम्ही एकत्र राहिलो, सबब हुकूम संपला, असे पतीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. हुकूम बदलायचा किंवा रद्द करायचा तर त्याची रीत संहितेतच दिली आहे, त्या रीतीने जा. तोवर हुकूम कायम, असा त्या निकालाचा आशय आहे. या निकालाला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. एकत्र राहू लागल्याने हुकूम आपोआप मरत नाही. त्याला मारावे लागते. आणि आपल्याकडे तो पुरसिशीने, आईच्या हातून, बापाच्या अटीवर आणि सगळ्यांच्या आशीर्वादाने मारला जातो.

येथे एक तुलना केल्यावाचून आम्हांला राहवत नाही. समजा, त्याच मुलाच्या नावे आजोळची अर्धा एकर जमीन आहे आणि तिच्यावरून दिवाणी दावा चालू आहे. त्या दाव्यात मुलाच्या वतीने तडजोड करायची झाली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम ७ प्रमाणे न्यायालयाची स्पष्ट परवानगी लागते. ही तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे का, हे न्यायाधीशाने पाहायचे असते. परवानगी नसेल तर मुलाला ती तडजोड झुगारता येते. अर्धा एकर मुरमाड जमिनीसाठी एवढी काळजी! आणि रोजच्या भाकरीसाठी? पोटगीचे कामकाज फौजदारी संहितेखालचे असल्यामुळे दिवाणी संहितेचा तो नियम तेथे आपोआप लागू होत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण नियम लागू नसला तरी त्यामागचे शहाणपण उसने घ्यायला कोणाची मनाई आहे? आईने करारात सोडून दिला म्हणून मुलाचा हक्क संपत नाही, असे न्यायालये वेळोवेळी म्हणत आली आहेत. मग तो सोडून दिला जात असताना, त्याच दालनात, एक प्रश्न विचारायला काय हरकत असावी? १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायालयावर समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य घातले आहे, समेटाची वाजवी शक्यता दिसली तर कामकाज तहकूब करण्याची मुभाही दिली आहे. तहकूब करा म्हटले आहे. मुलाचा अर्ज निकालात काढा, असे म्हटलेले नाही.

मग हे घडते कशाने? आमच्या मते दोष बराचसा भाषेचा आहे, आणि म्हणूनच हा विषय आम्ही येथे आणला. 'पोटगी' हा एकच शब्द आपण बायकोसाठी वापरतो आणि मुलासाठीही. व्यवहारात त्या शब्दावर बायकोचीच छाप बसली आहे : टाकलेल्या बाईला मिळते ती पोटगी. 'पोटगी घेते' या दोन शब्दांत केवढा तुच्छभाव भरता येतो, हे सांगायला नको. त्यामुळे बाई परत नांदायला आली की पोटगी संपली, हे आपल्याला व्याकरणाइतके स्वाभाविक वाटते. आणि 'नांदणे' हा दुसरा शब्द पाहा. नांदते ती बाई. नवरा तिला नांदवतो. बाप आपल्या मुलाला नांदवतो, असे कोणी म्हणत नाही. रखमाबाईंच्या खटल्यात १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा' असा पर्याय दिला, आणि त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली; अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर ते प्रकरण मिटले. त्या खटल्याने 'नांदणे' या क्रियापदात किती सक्ती दडलेली आहे हे चव्हाट्यावर आणले. पण त्यात मूल नव्हते. जेथे मूल आहे, तेथे या दोन शब्दांच्या मध्ये ते हरवते. पोटगी आईची, नांदणे आईचे. मुलाच्या वाट्याला एकही शब्द नाही.

शब्द नाही म्हणावे तर तोही आहे. कायद्याच्या पुस्तकात आहे आणि त्याहून जुन्या पुस्तकातही. 'भरणपोषण'.

दुष्यंत-शकुंतलेची कथा आपण कालिदासाच्या वाटेने शिकतो आणि शिकवतो. शाप, अंगठी, विस्मरण, आणि सातव्या अंकात मारीचाच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याशी खेळणारा सर्वदमन. बाप त्याला पाहतो, ओळखतो, आणि पुनर्मीलन होते. नाटक म्हणून ते अप्रतिम आहे, याबद्दल वाद नाही. मात्र इतक्या वर्षांत त्या मुलाला वाढवले कोणी, हा प्रश्न त्या अंकाच्या सौंदर्यात विरघळून जातो. शापामुळे बाप निर्दोष, आश्रमामुळे मूल सुखरूप. हिशेब मांडायला जागाच उरत नाही.

महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला वेगळी आहे. तेथे शाप नाही, अंगठी नाही. लग्नाआधीच तिने आपल्या पोटी येणाऱ्या मुलाच्या वारशाची अट घातलेली आहे. मुलगा मोठा झाल्यावर ती त्याला घेऊन थेट राजसभेत उभी राहते. राजाला सगळे आठवते आहे, तरी तो नाकारतो. आणि मग ती जे बोलते त्यात एक वाक्य असे आहे की, आजच्या प्रत्येक समुपदेशन-कक्षात ते लावून ठेवावे. आशय असा : तू मला टाकलेस तर मी आपली आश्रमात परत जाईन, पण या मुलाला, तुझ्या स्वतःच्या लेकराला, तुला टाकता येणार नाही. अर्जदार क्रमांक १ आणि अर्जदार क्रमांक २ यांचे दावे इतक्या स्वच्छपणे वेगळे करणारे वाक्य आम्ही कोणत्याही वकिलाच्या अर्जात वाचलेले नाही. त्यानंतर आकाशवाणी होते. तीही 'एकत्र या' एवढ्यावर थांबत नाही. मुलाचे भरण कर, अशी आज्ञा ती राजाला देते, शकुंतलेचा अवमान करू नकोस असे बजावते, आणि या भरण करण्यावरूनच मुलाचे नाव भरत असे ठेवले जाईल, असे सांगते. मीलन होते ते त्यानंतर. ज्याच्या नावावरून आपण देशाचे नाव सांगतो त्याचे स्वतःचे नाव एका भरणपोषणाच्या हुकुमावरून पडले आहे, ही गोष्ट संस्कृतच्या किती वर्गांत सांगितली जाते? दोन शकुंतलांची तुलना करा, हा प्रश्न परीक्षेत येतो. उत्तरात तेजस्विता, मुग्धता, औचित्य, शापाची योजना हे सगळे येते. भरणाचा हुकूम आम्हांला फारसा कोठे दिसलेला नाही.

(आमच्या शीर्षकातली भरतभेट रामाच्या भावाची आहे, या भरताची नव्हे, पण मराठी माणूस कोणत्याही गळाभेटीला भरतभेट म्हणतो, तेवढी सवलत आम्हीही घेतली.)

मुलाकडे बघून शेवट गोड करण्याचा हा मोह फक्त आपला नाही. इब्सेनच्या 'ए डॉल्स हाऊस'ची (१८७९) नोरा तीन मुलांना मागे ठेवून दार लावून घेते. अनंत काणेकरांनी ते नाटक 'घरकुल' या नावाने मराठीत आणले. जर्मनीत त्याचा प्रयोग व्हायचा होता तेव्हा तिथल्या नटीने 'मी माझ्या मुलांना कधीच सोडणार नाही' म्हणून तो शेवट करायला नकार दिला. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून इब्सेनने १८८० साली पर्यायी शेवट लिहून दिला : हेल्मर नोराला मुलांच्या खोलीच्या दारापर्यंत नेतो आणि ती तेथेच कोसळते. पडदा. या बदलाला रानटी म्हणायला खुद्द इब्सेनने कमी केले नाही. आमचे लक्ष त्या दारावर आहे. त्या शेवटात मुले झोपलेली आहेत, दाराआड आहेत, त्यांना कोणी काही विचारत नाही. आई कोसळावी एवढ्यापुरताच त्यांचा उपयोग. भवभूतीने 'उत्तररामचरिता'त वाल्मीकीचा शेवट बदलून सीतेला भूमीत जाण्यापासून वाचवले आणि सगळ्यांची भेट घडवली, त्यामागचे कारुण्य आम्ही जाणतो. पण लवकुशांची बारा वर्षे वाल्मीकीच्या आश्रमाने सांभाळली, अयोध्येने नव्हे, हे दोन्ही शेवटांत समान राहते.

आमच्यावर येणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला असा की, डोक्यावर हुकुमाची तलवार टांगून संसार कसा व्हायचा? विश्वास दाखवायचा तर केस मागे घेतलीच पाहिजे. आम्ही उलट विचारतो : विश्वास दोघांनी एकमेकांवर टाकायचा आहे, तर तारण मुलाचे का? बापाला मुलाचे करायचेच असेल तर हुकूम त्याला टोचण्याचे कारण नाही, आणि करायचे नसेल तर हुकूम हवाच. घरावर कर्ज काढताना बँकेला सही देताना कोणाच्या प्रेमाला तडा जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. सहा महिने एकत्र राहिले. बापाने घरभाडे भरले, किराणा आणला, शाळेची फी भरली. मग पुन्हा फिसकटले आणि आईने त्याच सहा महिन्यांच्या थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज लावला. हा अन्याय नाही का? आहे. दोनदा वसूल करणे हा मुलाचा हक्क नव्हे. पण त्यावरचा इलाज हुकूम मारणे हा नाही. रकमेत फेरफार मागण्याची तरतूद कलम १२७ मध्ये होती, आता १४६ मध्ये आहे. बापाने त्या दारातून यावे, पावत्या दाखवाव्यात. अडचण एवढीच की, तसे करायचे तर त्याला न्यायालयात जाण्याचा त्रास घ्यावा लागतो, आणि आजच्या रिवाजात तो सगळा त्रास आईने घ्यायचा असतो.

'बायका पोरांना पुढे करून पैसे उकळतात' या तिसऱ्या आक्षेपावर आम्ही फार वेळ घालवणार नाही. दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र द्यावे, अशी रीत २०२० च्या त्याच निकालाने घालून दिली आहे. आई कमावती असेल तर मुलाच्या शिक्षणाचा खर्च प्रमाणात वाटून घेता येतो. ज्याला आकड्यांची भीती नाही, त्याने आकडे मांडावेत.

आम्ही समेटाच्या विरुद्ध आहोत असे कोणी वाचले, तर ते चुकीचे वाचन होईल. माणसे परत एकत्र येतात, काही वेळा खरोखर सुखाने राहतात, आणि ते पाहून आम्हांलाही बरे वाटते. आमचे मागणे पुरसिशीच्या मजकुराविषयी आहे आणि ते चार ओळींत मावते. अर्जदार क्रमांक १ हिला आपला अर्ज तूर्त चालवायचा नसेल, तर तसे तिने स्वतःपुरते लिहावे. अर्जदार क्रमांक २ चा हुकूम कायम असल्याचे लिहावे. मागची थकबाकी किती आणि ती कोणत्या हप्त्यांत, कोणत्या खात्यात भरली जाईल, हे लिहावे. वर्षाची मुदत चुकत असेल तर वसुलीचा अर्ज दाखल करूनच तहकुबी घ्यावी. आणि एकत्र राहायला लागल्याची तारीख लिहावी. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण उद्या काही बिनसले तर दोघांपैकी खरे बोलणाऱ्याला ती एकच तारीख वाचवते, मग तो बाप असो की आई.

आणि पुरसीस पुढे आली की न्यायाधीशांनी सही करण्यापूर्वी विचारावे : अर्जदार क्रमांक २ चे काय? जे उत्तर मिळेल ते त्या दिवशीच्या रोजनाम्यात लिहून घ्यावे.